अंगावरून गेलेलं वारं

मी मास्तर माणूस. बावीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवला. माझा स्वभाव तापट आहे हे जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा इथे लपवण्यात अर्थ नाही. पोरांनी प्रश्न विचारलेले मला खपत नसे. एकाने विचारला की दुसऱ्याला सुचतो, तिसरा नुसताच हात वर करून उभा राहतो, आणि घंटा होते तेव्हा धडा निम्माच झालेला असतो. म्हणून मी प्रश्नाला उत्तर द्यायचो ते माशी हाकलावी तसं. त्यातल्याच एका उत्तराची ही गोष्ट आहे.

शहाण्णव साली माझी बदली बोरी बुद्रुकला झाली. माझं गाव लोणी. तिथून रोज जाऊन-येऊन करणं जमेना, म्हणून सोपानतात्यांच्या घराला लागून असलेली एक खोली घेतली. मध्ये फक्त एक भिंत, तीही अशी की पलीकडे कुणी शिंकलं तर इकडे माझा चहा हिंदकळावा. घरात तात्या, त्यांची बायको बयाबाई, मुलगा भरत, सून आरती आणि नात तेजस्विनी. तिला सगळे तेजू म्हणत. ती माझ्याच वर्गात होती. नाकासमोर बघून चालणारी, दोन वेण्या घट्ट बांधलेली, आणि प्रश्न विचारण्यात एक नंबर.

सोपानतात्यांना वाऱ्यातलं कळायचं. गावात मळणीयंत्र येऊन जुनं झालं होतं, तरी घरच्या खाण्यापुरता गहू आणि हरभरा ते हातानेच उपणायचे. तिवईवर चढून पाटी डोक्याच्या वर धरायची आणि हलके हलके सोडायची. दाणे पायाशी, भूस पलीकडे. ज्यांची अशी थोडीफार रास असे ते आधी तात्यांना विचारायला येत. "तात्या, वारं कवा उठंल?" तात्या तोंड वर करून एक गाल पुढे करायचे, मग दुसरा, आणि सांगायचे, "चहा पिऊन या, तवर उठतंय." आणि बहुतेक वेळा ते उठायचं, याचा मला विनाकारण राग यायचा.

एकदा मी त्यांना विचारलंच, "तात्या, वारा कशामुळे सुटतो हे तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"त्यात काय? दमलं म्हंजी बसतं, दम गेला की उठतं. तुमी न्हाई का खुर्चीत बसत?"

मी त्यांना उन्हापासून सुरुवात करून सगळं समजावलं. जमीन तापते, हवा तापते, वर जाते, थंड हवा तिच्या जागी येते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल. पुस्तकातलं वारं तसं आसंल." त्यांना सही करता येत नव्हती, अंगठा उठवायचे, पण वादात मी त्यांच्याशी कधी जिंकलो नाही. संध्याकाळी शाळेतून आलो की आमचं असलं काहीतरी चालायचं, आणि खरं सांगायचं तर त्या गावात माझा जीव रमला तो त्यांच्यामुळे.

पौषातल्या थंडीत एका पहाटे तात्या गोठ्यातलं शेण काढता काढता खाली बसले, ते त्यांना उठताच येईना. डावा हात, डावा पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं. बयाबाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होत्या, "मालकांच्या अंगावरनं वारं गेलं वो." नारायणगावला डॉक्टरांनी आठ दिवस ठेवून घेतलं. निघायच्या दिवशी मी बरोबर होतो. डॉक्टरांनी तात्यांच्या डाव्या हाताला खांद्यापासून बोटांपर्यंत टाचणी टोचत नेली आणि दर वेळी विचारलं, कळतंय का? तात्यांनी दर वेळी मान हलवली, नाही म्हणून. पायाला अधूनमधून कळत होतं. हाताला कुठेच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित हळूहळू, कदाचित नाही येणार. आधी जाणीव आली पाहिजे, मग पुढचं.

घरी आल्यावर तात्यांची बाज ओट्यावर टाकली. ते बोलायचे, पण सगळी अक्षरं गळून गेलेली असायची, उरायचे नुसते सूर. आम्हाला एक शब्द कळायचा नाही. बयाबाई चाळीस वर्षं संसार करून चुकत होत्या. एकट्या तेजूला कळायचं. शाळेचा वेळ सोडला तर ती बाजेशीच बसलेली असे, ऐकून ऐकून तिचा कान तयार झाला होता. तात्या "आ आ ई" करायचे आणि तेजू आतल्या अंगाला ओरडून सांगायची, "आज्जे, चहात साखर कमी पडली म्हणत्यात." एकदा मी शाळेला निघालो होतो, तात्या माझ्याकडे बघून काहीतरी गुरगुरले. तेजू म्हणाली, "गुरुजी, तात्या म्हणत्यात सदरा उलटा घातलाय तुमी." बघतो तर खरंच उलटा. तात्यांची जीभ आता त्या पोरीच्या तोंडात होती, आणि ती पहिल्यासारखीच धारदार होती.

फेब्रुवारीत परिसर अभ्यासाच्या तासाला वाऱ्याचा धडा आला. मी तापट असलो तरी शिकवताना हयगय करत नाही. पत्र्याच्या डब्यात गोवऱ्यांचा विस्तव केला, शेजारी उदबत्ती लावली, दारं-खिडक्या लावून घेतल्या. धूर सरळ वर जायचा सोडून विस्तवाकडे झुकला. पोरं पुढे सरकली. मी म्हणालो, बघा, विस्तवावरची हवा तापून हलकी झाली, वर गेली. तिची जागा घ्यायला आजूबाजूची गार हवा तिकडे धावली. हे धावणं म्हणजेच वारा. गारठलेल्या जागेकडून तापलेल्या जागेकडे.

तेजू उभी राहिली. "गुरुजी, एकांद्या जागेवरनं वारं निघून गेलं आन् ते परत आणायचं आसंल, तर?"

घंटा व्हायला दोन मिनिटं होती आणि विस्तवाचा धूर माझ्या डोळ्यांत जात होता. "जिथं आणायचं ती जागा तापवायची," मी म्हणालो, "आपोआप येतं. बस खाली."

त्या दिवसापासून तात्यांची बाज फिरू लागली. तेजू शाळेतून आली की बाज ओढून अशी लावायची की डावी बाजू उन्हाला येईल. ऊन सरकलं की बाज सरकायची. मग फडक्यात गरम वाळूची पुरचुंडी बांधून हात शेकणं सुरू झालं. बयाबाईंना नातीचं कौतुक किती करू आणि किती नको असं झालं होतं. मीसुद्धा भर वर्गात सांगितलं, सेवा करावी तर तेजूसारखी. ती लाजली नाही. एखादं काम हाती घेतलेल्या माणसासारखी नुसती मान हलवली तिने.

मार्चातल्या एका रविवारी दुपारी भरत आणि आरती कांद्यात होते, बयाबाई त्यांना भाकरी द्यायला गेल्या होत्या. तेजूने चुलीत वीट तापवली, गोणपाटात गुंडाळली आणि तात्यांच्या डाव्या हाताखाली ठेवली. शेजारी बसून ती पाढे म्हणत होती. अर्ध्या तासाने तिने वीट काढली तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत कातडी फोडांनी भरली होती.

हाताला मलमपट्टी करून तात्यांना जीपने परत आणेपर्यंत संध्याकाळ झाली. ओट्यावर शेजारीपाजारी जमले होते. मीही होतो. भरत तसा गरीब स्वभावाचा, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "आगं, त्या हाताला कळत न्हाई म्हंजी काय वाट्टंल ते ठिवशील का त्येच्यावर? कुनी शिकवलं तुला हे?"

तेजू रडत नव्हती. तिने व्यवस्थित, धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं. "तात्या पहाटं गारठ्यात व्हते. डावी बाजू गार पडली. वारं गारठ्यातनं गरमाकडं जातं, म्हणून ते त्यांच्या अंगावरनं निघून गेलं. डावी बाजू चांगली तापली की परत येणार व्हतं. गुरुजींनी सांगितलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांची नोकरी, पुढच्या आठवड्यात शाळेची तपासणी, आणि चारचौघांत ही पोर म्हणते गुरुजींनी आजोबाला भाजायला सांगितलं. "मी?" मी म्हणालो. "मी असलं काही सांगितलेलं नाही. वाट्टेल ते बोलू नकोस." खोटं कशाला बोलू, ते बोलतानाच मला अंधुकसं आठवलं होतं. उदबत्ती आठवली, घंटा आठवली. पण शब्द तोंडातून निघून गेले होते आणि परत घ्यायला मी काही तात्यांसारखा मोठ्या मनाचा नव्हतो.

"वर गुरुजींच्या नावावर खपवतीस?" भरत म्हणाला. "खोटारडी कुठली."

तेजूने एकदा माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. बरोबर सोडवलेलं गणित मास्तरांनी चूक दिल्यावर हुशार पोर जसं बघतं, तसं पाहिलं आणि ती आत गेली.

त्यानंतर तेजू बोलायची बंद झाली. वर्गात हजेरीला "हजर" म्हणायची तेवढंच. हात वर करणं संपलं. घरी सांगितलेलं काम करायची, तात्यांना चहा नेऊन ठेवायची आणि ते तोंड उघडायच्या आत तिथून निघून जायची. पुन्हा आपल्या हातून काही होईल अशी भीती तिच्या मनात बसली होती. बयाबाई जवळ घ्यायला गेल्या तर अंग चोरायची.

आणि तेजू बंद झाली म्हणजे तात्याही बंद झाले. त्यांनी बोलायचं सोडलं नव्हतं, उलट त्या दिवसांत ते जास्तच बोलत होते. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, एकच एक, "आऽ उखो... आऽ उखो." बयाबाई म्हणायच्या, "उशी पायजे?" उशी बदलायच्या. "आऽ उखो." मग, "उकडतंय व्हय?" पांघरूण काढायच्या, पदराने वारा घालायच्या. तात्या वैतागून उजव्या हाताने डाव्या हाताची पट्टी दाखवायचे, तर बयाबाई समजूत घालायच्या, "पट्टी झालीया सकाळीच. हात लावू नका, डाक्टर रागं भरत्यात." एकदा तर भरतने ऊस आणून, सोलून, बारीक गंडेऱ्या करून पुढे ठेवल्या. तात्यांनी उजव्या हाताने ताटली उडवून दिली. माणूस चिडखोर झालाय म्हणाले सगळे, दुखण्याने होतं असं. मीही मान डोलावली.

आठव्या दिवशी तपासणीसाठी मी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलो. तेजूची वही उघडली. वाऱ्याच्या धड्याला मी आकृती काढून आणायला सांगितली होती. बाकीच्या पोरांनी डोंगर, सूर्य आणि बाण काढले होते. तेजूने बाजेवर झोपलेला माणूस काढला होता. मिशा होत्या, टोपी होती. डाव्या बाजूला लिहिलं होतं 'गार', उजव्या बाजूला 'गरम', आणि बाण डावीकडून निघून बाहेर गेलेले. खाली दुसरी आकृती, डाव्या हाताखाली सूर्य काढलेला, आणि बाण परत आत येणारे. त्याखाली अक्षर नेटकं, 'जागा तापवली की गेलेले वारे परत येते.' आणि त्याच्याखाली लाल शाईची भलीमोठी बरोबरची खूण, 'छान', माझी सही, तारीख. वीट तापवायच्या बारा दिवस आधीची.

मी सही करताना पान पाहिलंसुद्धा नव्हतं. तिने पाहिलं होतं. माझा 'छान' बघून ती वीट तापवायला गेली होती.

मला माझीच लाज वाटली. वही घेतली आणि तसाच अनवाणी ओट्यावर गेलो. भरत आणि आरती नुकतेच रानातून आले होते, बयाबाई तात्यांना पाणी पाजत होत्या, तेजू कोपऱ्यात लसूण निवडत होती. मी भरतसमोर वही धरली. "हे वाच. मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. मग लाल खूण पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं आणि कानकोंडा होऊन म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, झालं गेलं."

"जाऊ द्या काय? तू पोरीला खोटारडी म्हणालास. ती खोटं बोलली नव्हती. मी बोललो होतो. मीच सांगितलं, जागा तापवायची म्हणून. आणि चारचौघांत नाही म्हणालो." रागावण्याची सवय असलेल्या माणसाला असलं बोलणं फार जड जातं.

मी तेजूच्या समोर जमिनीवर बसलो. "तेजस्विनी, चुकलं माझं."

तिने वही पुढे ओढून लाल खुणेवर बोट ठेवलं. "मग हे बरुबर हाय का चूक?"

आठ दिवसांनी आलेला प्रश्न. मी म्हटलं, आता नीट उत्तर दे, नाहीतर नोकरी सोड. "रानातल्या वाऱ्याला बरोबर आहे. तात्यांना जे झालं त्याला चूक. त्यांच्या अंगातून वारा निघून गेला नाही, तेजू. डोक्यातल्या एका शिरेत रक्त अडकलं, म्हणून हात-पाय थांबले. आपण त्याला नुसतं म्हणतो, वारं गेलं."

"का म्हणतो?"

"माहीत नाही मला."

"आन् तात्यांचा हात? त्यो कशानं परत येणार?"

"तेही माहीत नाही. येईल की नाही हे डॉक्टरांनासुद्धा सांगता आलं नाही."

तिने मान हलवली. माझ्या न कळण्यावर तिचा विश्वास बसलेला दिसला. कळण्यावर बसला होता त्यापेक्षा जरा जास्तच. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला, "आऽ उखो." बयाबाई सवयीने उठल्या आणि उशीला हात घातला.

"उशी न्हाई आज्जे," तेजू म्हणाली.

तिने लसूण खाली ठेवली, बाजेपाशी गेली आणि कान तात्यांच्या तोंडाजवळ नेला. तात्या पुन्हा बोलले, घाईघाईने, खूप दिवसांचं साठलेलं असल्यासारखं. ती ऐकत होती आणि तिच्या भुवया वर चढत होत्या.

"हात दुखतोय म्हणत्यात."

भरत पुढे आला. "कुठला हात?"

तात्यांनी उजवा हात उचलून पट्टीवर ठेवला. तेजू म्हणाली, "ह्योच. भाजलेला. दुसऱ्या दिवसापासनं लई दुखतोय, आग आग व्हतीया, आन् तुमी कुनी ऐकूनच घेत न्हाई म्हणत्यात."

बयाबाई हातात उशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. खांद्यापासून बोटांपर्यंत टाचणी टोचली तरी न कळलेला तो हात आठ दिवस दुखत होता, तात्या आठ दिवस ओरडून ते सांगत होते, आणि ऐकणारे दोन कान मी बंद करून टाकले होते. आरतीने तोंडाला पदर लावला. मला समोरचं नीट दिसेना, म्हणून मी चष्मा काढून पुसत बसलो.

भरतला आधी भान आलं. "आगं, मग गोळी द्या की त्यान्ला. डाक्टरनी दिलीया ती दुखण्याची गोळी, कुठं ठिवली?" तो आत धावला, डबे पाडले, पाकीट घेऊन बाहेर आला.

तात्यांनी त्याच्याकडे पाहून वाकड्या तोंडाने काहीतरी ठणकावून सांगितलं. तेजूने ऐकलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

"गोळी नको म्हणत्यात," ती म्हणाली. "दुखू दे म्हणत्यात."